गवत कापण्याचें यंत्र : विजेचें कीं पेट्रोलचें?

दसऱ्याच्या सुमारास आपल्या बीड जिल्ह्यांत दोन गोष्टी एकाच वेळीं घडतात. बांधावरचें, माळावरचें व फळबागेंतील गवत पक्व होऊन कापणीस येतें, आणि तें कापणारे हात मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीकरितां पश्चिम महाराष्ट्रांतील व कर्नाटकांतील कारखान्यांकडे निघून जातात. ते परत येतात तेव्हां उन्हाळा लागलेला असतो, आणि उभें गवत वाळून त्याचा कस गेलेला असतो. ज्या जिल्ह्यानें २०१९ च्या दुष्काळांत शेंकडों चारा-छावण्या पाहिल्या, त्यास वेळेवर कापलेल्या पेंढीचें मोल निराळें सांगावयास नको. मजुरांच्या ह्या टंचाईमुळेंच खांद्यास अडकवून चालविण्याचें गवत-कापणीचें यंत्र, ज्यास बाजारांत ब्रश कटर म्हणतात, तें आपल्या खेड्यापाड्यांतून दिसूं लागलें आहे. आणि त्याच्या पाठोपाठ, किंबहुना त्याच्या पुढें, त्याच्या जाहिराती येऊन पोंचल्या आहेत.

ह्या जाहिरातींचे दोन पक्ष आहेत. पेट्रोलच्या यंत्राचा विक्रेता म्हणतो, तीन अश्वशक्ति, एक यंत्र व बारा कामें. बॅटरीवरील यंत्राचा विक्रेता म्हणतो, पेट्रोल नको, धूर नको, गोंगाट नको, एका चार्जिंगवर पाऊण तास काम. दोघेही चित्रांत हिरवें, कोंवळें, सारख्या उंचीचें गवत दाखवितात, आणि तें लोण्यासारखें कापलें जातें. ह्यांपैकीं कोणतें घ्यावें, अशी पृच्छा सभासदांकडून आमच्याकडे वारंवार होते. कोणा एका कारखान्याची भलामण अथवा निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. जाहिरातींत जो आंकडा सर्वांत ठळक अक्षरांत छापलेला असतो, त्याचा पात्यापाशीं होणाऱ्या कामाशीं संबंध काय, एवढेंच येथें तपासावयाचें आहे.

गवत कापण्याच्या यंत्राचा जन्म हिरवळीसाठीं झाला. इंग्लंडांत एडविन बडिंग नांवाच्या यंत्रज्ञानें १८३० सालीं अशा पहिल्या यंत्राचें पेटंट घेतलें; कापडाच्या गिरणींतील लोकरी कापडावरची लव छाटणारें फिरतें पातें पाहून त्यास ही कल्पना सुचली, असें सांगतात. युरोप-अमेरिकेंत विजेचें कीं पेट्रोलचें हा वाद आजही मुख्यतः घरापुढील हिरवळीसंबंधानें चालतो, आणि आपल्याकडील जाहिरातींतील पुष्कळशीं वाक्यें त्या वादांतूनच उचललेलीं आहेत. आपल्याकडे हिरवळ कितीशी? आपलें गवत म्हणजे बांधावरची कुसळी, मारवेल व पवन्या. मोसंबीच्या ओळींमधील दाट तण. २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालेल्या आपल्या सीताफळाच्या झाडांखालीं, बालाघाटाच्या दगडगोट्यांतून उगवलेलें खुरटें पण चिवट गवत. आणि जिकडेतिकडे माजलेलें गाजरगवत, जें १९५५ च्या सुमारास पुण्यांत प्रथम आढळलें व तेथून सर्वत्र पसरलें. लव छाटणाऱ्या यंत्राची परीक्षा ह्या गवतावर व्हावयाची आहे.

प्रथम बॅटरीचा पक्ष घेऊं. बॅटरीवर व्होल्टचा आंकडा ठळक असतो. व्होल्ट म्हणजे विजेचा दाब. टाकी किती उंचावर बसविली आहे हें सांगितल्यानें टाकींत पाणी किती आहे हें कळत नाहीं, तसेंच हें आहे. साठा काढावयाचा असेल तर व्होल्टच्या आंकड्यास अँपिअर-तासांच्या आंकड्यानें गुणावें. जो गुणाकार येतो तो वॅट-तासांत असतो. असे एक हजार वॅट-तास म्हणजे आपल्या वीजबिलांतील एक युनिट. हा एक गुणाकार ज्यास येतो, त्यास निम्म्या जाहिराती फसवूं शकत नाहींत.

लिथियमच्या एका घटाचा दाब कामाच्या वेळीं सरासरी ३.६ ते ३.७ व्होल्ट असतो व तो पूर्ण भरल्यावर ४.२ पर्यंत चढतो. असे पांच घट ओळीनें जोडले म्हणजे भरल्या वेळीं २१ व प्रत्यक्ष कामांत सुमारें १८ व्होल्ट मिळतात. म्हणून '१८ व्होल्ट', '२० व्होल्ट' व '२१ व्होल्ट' अशा तीन नांवांनीं विकल्या जाणाऱ्या बॅटऱ्या पुष्कळदां एकाच जातीच्या असतात. इतपर्यंत तें क्षम्य म्हणूं. परंतु स्वस्त यंत्रांच्या बॅटरीवर ४८, ८८, क्वचित् त्याहूनही मोठा आंकडा व त्यापुढें व्होल्टच्या चिन्हास एखादें जास्तीचें अक्षर चिकटवून छापलेलें आढळतें. ग्राहकानें तो दाब समजावा, आणि कोणी जाब विचारलाच तर तें केवळ नमुन्याचें नांव आहे असें म्हणतां यावें, अशी ती सोय दिसते. खरे ४८ व्होल्ट हवे असतील तर तेरा घट ओळीनें जोडावे लागतात, व ८८ ला चोवीस. मुठीएवढ्या डबींत ते मावत नाहींत. तालुक्याच्या गांवीं पंपाच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या कोणत्याही कारागिराजवळ मीटर असतो. तो बॅटरीच्या टोंकांस लावला कीं अर्ध्या मिनिटांत खरा आंकडा दिसतो.

आतां एका नमुन्याच्या जाहिरातीचा हिशेब करूं. मोटार १२०० वॅटची, बॅटरी २१ व्होल्ट व २ अँपिअर-तासांची, आणि चालण्याचा काळ ४५ मिनिटें, असें तींत म्हटलें आहे असें समजा. २१ ला २ नें गुणिलें म्हणजे ४२ वॅट-तास झाले. मोटार खरोखर १२०० वॅट घेईल, तर हा साठा दोन मिनिटें सहा सेकंदांत संपेल. शिवाय तेवढ्या शक्तीसाठीं बॅटरींतून ५७ अँपिअर प्रवाह निघाला पाहिजे, आणि एका ओळीच्या पांच लहान घटांस तो झेपावयाचा नाहीं. उलट बॅटरी खरोखर ४५ मिनिटें चालेल, तर मोटारीस सरासरी ५६ वॅट मिळतील. घरांतील जुना छताचा पंखा सुमारें ७५ वॅट घेतो. पंख्याहून कमी शक्तीनें कुसळीचा बांध साफ होईल काय? दोन्ही आंकडे निरनिराळ्या वेळीं खरे असूं शकतील. एक क्षणभराच्या झटक्याचा व दुसरा हवेंत नुसतें पातें फिरविण्याचा. मात्र गवतावर एकाच वेळीं दोन्ही खरे होणें शक्य नाहीं. जाहिरात खोटी आहे हें सिद्ध करण्यास पुष्कळदां बाहेरचा साक्षीदार लागत नाहीं. तिच्याच दोन ओळी समोरासमोर उभ्या केल्या म्हणजे पुरे होतें.

ह्यावरून बॅटरीचीं सर्वच यंत्रें खेळणीं आहेत असें कोणीं समजूं नये. ज्यावर खरे आंकडे छापलेले असतात अशीं चांगल्या बांधणीचीं यंत्रेंही बाजारांत आहेत. ३६ व्होल्ट व ४ अँपिअर-तासांची बॅटरी घेतली तर १४४ वॅट-तासांचा साठा होतो. गुडघाभर हिरव्या गवतांत पातें नेटानें चालवावयास सुमारें ५०० वॅट लागतात असें धरिलें, तर ती सतरा मिनिटें चालेल. सतरा मिनिटें थोडीं खरीं, पण तीं प्रामाणिक आहेत. अंगणांतील गवत, गोठ्याभोंवतालचें तण, विहिरीच्या कडेचें गाजरगवत एवढ्यास तीं पुरतात. दिवसभर बांध कापावयाचे तर एक बॅटरी यंत्रांत व दोन घरीं चार्जिंगला अशी सांखळी लावावी लागते, अथवा पाठीवर वाहण्याची मोठी बॅटरी घ्यावी लागते, आणि तिची किंमत बहुधा यंत्राहून अधिक असते. चार्जिंग गांवठाणाच्या विजेवर घरीं करावें लागणार, हेंही लक्षांत असूं द्यावें. शेतांतील पंपाची वीज ठराविक तासांची व पाळीची; आणि २०२४ सालीं सुरू झालेली साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांची मोफत वीज पंपासाठीं आहे, घरच्या मीटरावरील बॅटरीसाठीं नव्हे. कांहीं विक्रेते 'शेतकऱ्यास वीज फुकट' असें तोंडीं सांगून तें आपल्या यंत्राच्या गुणांत जमा करितात.

पेट्रोलचा पक्ष ह्याहून साळसूद नाहीं. त्याचा लाडका आंकडा अश्वशक्तीचा. एक अश्वशक्ति म्हणजे ७४६ वॅट. ३५ घन-सेंटिमीटरचें चांगलें फोर-स्ट्रोक इंजिन सामान्यतः एक हजार वॅट, म्हणजे सुमारें १.३ अश्वशक्ति देतें. ५२ घन-सेंटिमीटरचें टू-स्ट्रोक इंजिन दीड हजार वॅटांच्या आसपास, म्हणजे सुमारें दोन. तेंच इंजिन जाहिरातींत तीन अश्वशक्तीचें होतें. ही वाढ कोठून होते? पुष्कळ वेळां ती नुसती लेखणींतून होते. कांहीं वेळां मात्र तीस पद्धतशीर मार्ग असतो: सायलेन्सर व हवेची गाळणी काढून, इंजिन सर्वाधिक वेगानें फिरवून जी शक्ति मोजिली जाते ती छापावयाची, आणि ग्राहकास मिळणारें यंत्र मात्र सायलेन्सर व गाळणी लावून द्यावयाचें.

हा प्रकार आपल्याकडचाच आहे असें नाहीं. अमेरिकेंत हिरवळ कापण्याच्या यंत्रांच्या अश्वशक्तीचे आंकडे फुगविलेले आहेत, अशी फिर्याद २००४ सालीं तेथील ग्राहकांनीं मोठमोठ्या कारखान्यांवर गुदरली. सहा वर्षांनीं, म्हणजे २०१० सालीं, मिलवॉकी येथील न्यायालयांत ६.५ कोटी डॉलरांची तडजोड मान्य झाली. कारखान्यांनीं दोष पत्करला नाहीं. परंतु खरेदीदारांस भरपाई व अधिक मुदतीची हमी द्यावी लागली, आणि त्यानंतर अनेक यंत्रांवर अश्वशक्तीच्या जागीं इंजिनाचें घनमान किंवा पीळ देण्याची शक्ति छापली जाऊं लागली. ज्या देशांत यंत्र विकत घेणारा दर दुसरा मनुष्य थोडाबहुत यंत्रज्ञ असतो, तेथेंही हें वर्षानुवर्षें खपलें. म्हणून आपल्या बंधूंस आमची सूचना अशी कीं, अश्वशक्तीचा आंकडा कानाआड करून घन-सेंटिमीटर व किलोवॅट विचारावे. घनमान फुगवितां येत नाहीं. तें इंजिन खोलल्यावर मोजतां येतें.

'बारा कामें' ह्या शब्दांविषयींही थोडें बोललें पाहिजे. गवताच्या यंत्राच्या दांड्यास कोळप्याचें, नांगरटीचें, फांद्या कापण्याचें अशीं जोडकामें लावून दाखवितात. वाळूमिश्रित मऊ जमिनींत तीं चालतातही. परंतु मांजरा-गोदेच्या कांठची काळी जमीन ओली असतां चिकटते व वाळली म्हणजे दगड होते. तेथें बैलजोडीस घाम फुटतो, तर सव्वा अश्वशक्तीच्या इंजिनाची काय कथा! क्लच जळतो, दांड्यांतील तार तुटते, आणि जें एक काम यंत्र नीट करीत होतें तेंही थांबतें. जोडकामांची पेटी फुकट मिळत असली तर घ्यावी, पण तीसाठीं पैसे मोजूं नयेत.

आतां खर्चाकडे वळूं, कारण 'पेट्रोलच्या दहाव्या हिश्शांत काम' ही बॅटरीवाल्यांची सर्वांत मोहक ओळ आहे. नुसत्या इंधनापुरतें पाहिलें तर ती फारशी खोटी नाहीं. फोर-स्ट्रोक इंजिन पात्यापाशीं एक युनिट काम देण्यास साधारण अर्धा लिटर पेट्रोल खातें. लिटरचा भाव शंभरावर गेलेला असल्यानें हा खर्च पन्नास-पंचावन्न रुपये झाला. टू-स्ट्रोकमध्यें पेट्रोलचा पावएक हिस्सा न जळतांच धुराबरोबर बाहेर पडतो, शिवाय त्यांत तेल मिसळावें लागतें. तेथें हा आंकडा बराच चढतो. बॅटरीच्या यंत्रास तेवढ्याच कामासाठीं, चार्जिंगमधील नुकसान धरून, सव्वा ते दीड युनिट वीज पुरे. म्हणजे दहा-पंधरा रुपयांत भागलें.

परंतु ह्या हिशेबांत बॅटरीची झीज कोठें आहे? लिथियमची बॅटरी सुमारें पांचशे वेळां भरून रिकामी झाली म्हणजे तिचा साठा पुष्कळशा जातींत पांच हिश्शांपैकीं चारांवर येतो, व पुढें ती झपाट्यानें उतरते. वर सांगितलेली १४४ वॅट-तासांची बॅटरी पांचशे वेळांत ७२ युनिटें देईल. घट वजा जातां ६५ धरा. तिची किंमत दहा हजार रुपये आहे असें समजा. दर युनिटामागें झीज १५४ रुपये झाली! विजेचे दहा-पंधरा रुपये त्यापुढें नगण्य होत. पेट्रोलचें इंजिनही झिजतें, त्याचा प्लग, पिस्टनच्या कड्या, कार्ब्युरेटरचे पडदे बदलावे लागतात, तें ह्यांत धरिलें तर अंतर कमी होईल हें खरें. तरी 'दहावा हिस्सा' हा शब्द टिकत नाहीं. विक्रेत्यानें बॅटरीची सुटी किंमत सांगितल्यावर प्रत्येकानें हा भागाकार आपल्या हातानें करून पहावा. सुटी बॅटरी तो विकतच नसेल, तर भागाकाराचीही गरज नाहीं. बॅटरी संपली म्हणजे यंत्र संपलें.

उलट बाजूही तितकीच सांगावयास हवी. जो मनुष्य आठवड्यांतून दहा मिनिटेंच यंत्र चालवितो, त्याची बॅटरी पांचशे भरण्यांपूर्वीं वयानेंच थकते, व पेट्रोलचें इंजिन तर न वापरल्यामुळेंच बिघडतें. २०२५ सालीं देशांत पेट्रोलमध्यें २० टक्के इथेनॉल मिसळण्याचें उद्दिष्ट गांठण्यांत आलें. तें बव्हंशीं आपल्याच उसाचें, मक्याचें व इतर धान्याचें, म्हणून आपण त्यास नांवें ठेवूं नयेत. पण तें हवेंतील ओल शोषून घेतें. दोन-तीन महिने टाकींत तसेंच राहिलेलें पेट्रोल ओल धरून खालीं थर करूं शकतें, व त्याचा चिकट अवशेष कार्ब्युरेटरच्या केसाएवढ्या छिद्रांत बसतो. जुन्या बांधणीच्या यंत्रांतील रबरी नळ्या व पडदे त्यामुळें फुगतात किंवा चिरतात. 'एका हिसक्यांत सुरू' हें वाक्य नव्या यंत्रापुरतें खरें असतें. पुढच्या आषाढांत त्याच दोरीस वीस हिसके देऊनही इंजिन बोलत नाहीं. हंगाम संपतांच टाकी रिकामी करावी आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून कार्ब्युरेटर कोरडा करावा. बॅटरीवाल्यांनींही उन्हाळ्याचें भान ठेवावें. मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशीपलीकडे जातो. पत्र्याच्या खोलींत तो आणखी चढतो. लिथियमची बॅटरी साधारणपणें ४५ अंशांवर चार्ज करूं नये. शेतांतून तापून आलेली बॅटरी सावलींत निवूं द्यावी, मगच चार्जरला लावावी. आणि हंगाम संपल्यावर ती पूर्ण भरून किंवा पूर्ण रिती करून न ठेवतां निम्मी भरून, पत्र्याखालीं न ठेवतां भिंतीच्या गारव्यास ठेवावी.

धुराविषयीं 'शून्य' असा शब्द वापरला जातो. चालविणाऱ्याच्या नाकापुरता तो खरा आहे, व ही गोष्ट लहान नव्हे. टू-स्ट्रोकचा न जळलेल्या तेलाचा धूर दिवसभर घेणाऱ्याचें डोकें संध्याकाळीं काय म्हणतें तें त्यास विचारावें. परंतु वीज आकाशांतून पडत नाहीं. आपल्याच जिल्ह्यांत परळीस १९७१ सालीं पहिला औष्णिक संच सुरू झाला. तेथील धुराडीं व राखेचे तलाव आपण पाहिलेले आहेत, आणि २०१३ व २०१५ सालीं पाण्याअभावीं तें केंद्र बंद ठेवावें लागलें हेंही आपणांस ठाऊक आहे. हिशेब असा पडतो: एक लिटर पेट्रोल जळलें म्हणजे सुमारें २.३ किलो कर्बवायु निघतो, आणि देशांतील एका युनिट विजेमागें सरासरी पाऊण किलोच्या आसपास. तेव्हां एक युनिट कामास पेट्रोलनें १.१५ किलो, व विजेनें जवळजवळ एक किलो. फरक आहे, पण थोडा; सूर्याची वीज वाढेल तसा तो वाढत जाईल. 'एक तास पेट्रोलचें यंत्र म्हणजे तीनशें मैल मोटार' असें एक वाक्य अलीकडे पुष्कळ ठिकाणीं दिसतें. तें मूळ कॅलिफोर्निया राज्याच्या हवा-मंडळाचें, आणि तें धुरकें उत्पन्न करणाऱ्या वायूंपुरतें आहे, कर्बवायूविषयीं नव्हे. त्या राज्यानें २०२१ सालीं कायदा करून २०२४ पासून अशा बहुतेक नव्या लहान इंजिनांच्या विक्रीवर बंदी घातली, ती लॉस एंजेलिससारख्या शहरांवरील धुरक्यासाठीं. मूळ वाक्य खरें आहे. तें कोणत्या वायूविषयीं आहे एवढें गाळून छापलें म्हणजे दिशाभूल होते.

आवाजाचे आंकडे वाचतांना किती अंतरावरून मोजिले हें पहावें. परदेशांतील कांहीं पत्रकांत पन्नास फुटांवरचा आंकडा देतात, आणि यंत्र चालविणाऱ्याचा कान तर दोन हातांवर असतो. पेट्रोलच्या ब्रश कटरचा आवाज कानापाशीं शंभर डेसिबलच्या घरांत जातो. ८५ डेसिबल आठ तास सोसावेत, व पुढील दर तीन डेसिबलांस वेळ निम्मी करावी, ह्या नियमानें शंभर डेसिबलांस कान झांकल्याशिवाय पाव तासच मिळतो. कानाचे बोंडे पांच-पन्नास रुपयांना मिळतात, पण कोणतीही जाहिरात ते घातलेला मनुष्य दाखवीत नाहीं. ह्या बाबतींत बॅटरीचें यंत्र निःसंशय सरस आहे. गोठ्याजवळ चालविलें तरी गाय बुजत नाहीं.

जाहिरातींतून जें अजिबात सांगितलें जात नाहीं तें वैरणीसंबंधीं आहे, आणि आमच्या मतें तें सर्वांत महत्त्वाचें. बहुतेक चित्रांत पात्याऐवजीं नायलॉनची दोरी फिरतांना दिसते. ती दगडावर आपटली तरी मोडत नाहीं, म्हणून बांधावर सोयीची वाटते. परंतु दोरी गवत कापीत नाहीं, झोडपते. गवताच्या चिंध्या होऊन त्या मातींत मिसळतात, आणि झिजलेल्या दोरीचे तुकडे त्यांतच पडतात. असें गवत जनावरांपुढें टाकूं नये. दोरीस पात्याहून शक्तीही अधिक लागते. वैरणीसाठीं गवत कापावयाचें असेल तर पोलादी पातें व गवत एका बाजूस आडवें पाडणारी पाटी लावून, मूठभर बुडखा राखून कापावें. दोरी गाजरगवतासाठीं ठेवावी. तें फुलावर येण्यापूर्वींच झोडपावें, व अंगभर कपडे आणि नाकावर फडकें घ्यावें, कारण त्याच्या परागानें अंगास खाज सुटते व दमा उठतो. बालाघाटाच्या मुरमाड जमिनींत पात्यानें उडालेला खडा गोफणीच्या गुंड्यासारखा जातो. डोळ्यांवर चष्मा असावा, आणि पंधरा मीटरांच्या आंत मूल, जनावर अथवा दुसरा मजूर नसावा.

इतकें लिहिल्यावर जाहिरात ही वस्तूच वाईट, असा आमचा समज असल्याचें कोणास वाटेल. तसें नाहीं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवीं प्रथम कडबा कापण्याचें यंत्र केलें व १९०३ सालीं लोखंडी नांगर. लोखंडानें जमीन नासते असें तेव्हां लोक म्हणत, आणि पहिले नांगर दीर्घ काळ पडून राहिले. १९२० सालीं निघालेली 'किर्लोस्कर खबर' ही आरंभीं कारखान्याच्या मालाची माहिती देणारी पत्रिकाच होती. नव्या अवजाराची ओळख कोणी तरी करून द्यावीच लागते. फरक एवढाच कीं, नांगर विकणारा तो शेतांत चालवून दाखवी, आणि आजचा विक्रेता मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचें चित्र दाखवितो.

म्हणून विक्रेत्यास आपल्या बांधावर बोलवावें. दहा गुंठे गवत मोजून आंखावें, तेंही मऊ कोपऱ्यांतलें नव्हे, कुसळी व दगड असलेलें. बॅटरी त्याच्या समक्ष पूर्ण भरलेली असावी, किंवा टाकींत मापानें अर्धा लिटर पेट्रोल ओतावें. घड्याळ लावून, यंत्र विक्रेत्याच्या माणसाच्या हातीं न देतां आपल्या गड्याच्या हातीं द्यावें, आणि साठा संपेपर्यंत किती गुंठे झाले तें लिहून ठेवावें. मग गड्यास विचारावें कीं हें पुन्हां उद्यां दिवसभर चालविशील काय. खांद्यावरच्या वजनाची व हाताच्या कंपाची खरी माहिती त्याच्याच तोंडून मिळते. जो विक्रेता शेतावर येण्यास टाळाटाळ करितो, त्याच्या मालाचें मोल त्यानें स्वतःच सांगून टाकलें आहे.

अनुदान घेणाऱ्यांस आणखी एक साधन उपलब्ध आहे. कृषि यांत्रिकीकरणाच्या उप-अभियानाखालीं, महाडीबीटीवरून अर्ज करून जें यंत्र घ्यावयाचें, त्याची मान्यताप्राप्त केंद्रांत चाचणी झालेली असावी लागते. मध्यप्रदेशांतील बुदनी येथें १९५५ सालीं स्थापन झालेली संस्था व तिच्यासारखीं इतर केंद्रें अशा चाचण्या करितात, आणि त्यांच्या अहवालांत शक्ति, इंधनाचा खर्च, कंप व आवाज ह्यांचे मोजलेले आंकडे असतात. विक्रेत्याकडे पत्रक न मागतां हा अहवाल मागावा, व दोन्ही शेजारीं ठेवून वाचावीं. पूर्वसंमति हातीं येण्याअगोदर मात्र खरेदी करूं नये, नाहीं तर अनुदान बुडतें.

ज्यांची फसगत झालीच असेल त्यांच्यासाठीं कायदा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ याखालीं दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस प्रथम अपराधाला दहा लाख रुपयांपर्यंत व पुन्हां केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊं शकतो, आणि २०२२ सालीं त्याबाबत सविस्तर मार्गदर्शक नियमही निघाले आहेत. स्वतःच्या उपजीविकेसाठीं यंत्र घेणारा शेतकरी ह्या कायद्याच्या अर्थानें ग्राहक ठरतो. तक्रार आपण राहतों त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे, म्हणजे बीड येथें, दोन वर्षांच्या आंत करतां येते; पांच लाखांपर्यंतच्या मालास शुल्क नाहीं. १९१५ ह्या क्रमांकावर दूरध्वनि करूनही तक्रार नोंदवितां येते. परंतु पुरावा लागतो. पक्कें बिल, त्यावर यंत्राचा व बॅटरीचा क्रमांक, आणि ज्या जाहिरातीवर विश्वास ठेविला तिची प्रत, हीं तीन जपून ठेवावीं. मोबाईलवरची जाहिरात उद्यां नाहींशी होते, म्हणून तिचें चित्र खरेदीपूर्वींच काढून घ्यावें.

शेवटीं आमचें मत विचारणाऱ्यांस: अंगण, गोठा व विहिरीभोंवतालच्या पांचदहा गुंठ्यांस खऱ्या आंकड्यांची बॅटरी घ्यावी, चारपांच एकर बाग किंवा लांब बांध असतील व वैरण सांठवावयाची असेल, तर आज तरी ३५ घन-सेंटिमीटरच्या आसपासचें फोर-स्ट्रोक इंजिन, आणि तेंही ज्याचे सुटे भाग तालुक्याच्या गांवीं मिळतात तेंच. दोन-तीन शेजाऱ्यांनीं मिळून एक घेतल्यास पाळी लावावी लागेल, पण यंत्र पडून राहणार नाहीं. ज्याच्याकडे एखाद-दुसराच बांध आहे, त्यानें यंत्राच्या भरीस न पडतां टोळ्या निघण्यापूर्वीं, भाद्रपदाच्या अखेरीसच विळ्यानें कापणी उरकावी. तेव्हां गवत किंचित् हिरवें असतें, परंतु दोन उन्हें दिलीं कीं पेंढी बांधण्याजोगें होतें.